चप्पल घालून बसा

दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी लग्नाच्या पंगतीत नाहीतर बँकेच्या रांगेत कोणी ना कोणी मला अजून गाठतंच. प्रश्न ठरलेला असतो. "शब्बीरभाऊ, गेम खेळाचा कम्प्युटर बनवाचा हाय. पैसे जास्त नाई. कोणत्या पार्टवर टाकू?" मी सांगतो. नवीन पार्ट्सची नावं आता माझ्या तोंडात बसत नाहीत, पण हिशेब जुनाच आहे. सगळं सांगून झालं की मी विचारतो, "ज्या भिंतीत पिन खुपसणार, ती भिंत पाहिली का?" समोरचा हसतो. म्हातारा भरकटला असं त्याला वाटत असणार. मी असं का विचारतो ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, घरच्यांनाही नाही.

आमचं दुकान वडशाला, स्टेशनकडून बाजाराकडे येताना उजव्या हाताला. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. थंडीत झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या निघाल्या की त्यांचे अॅम्प्लिफायर आणि भोंगे आमच्याच फळीवर येऊन पडायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, मग टीव्हीत शिरलो, आणि नव्वदची दहा वर्षं सरत आली तेव्हा कम्प्युटरमध्ये. लोक म्हणायचे शब्बीर कम्प्युटर बनवतो. बनवतो कसला! बनवणारे कुठे तरी सातासमुद्रापार. आम्ही नागपूरला जायचं, पार्ट निवडायचे, गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर एसटीत मांडीवर घेऊन यायचं आणि एका पेचकसाने सगळं जोडायचं. कसब असलंच तर निवडण्यात होतं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कम्प्युटरच्या डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, प्रोसेसर असतो, तो डोकं चालवतो. रॅम म्हणजे काम मांडायची जागा. ओटा जेवढा मोठा तेवढी भांडी एका वेळी मांडता येतात, तसं. हार्ड डिस्क म्हणजे कोठी. मदरबोर्डवर हे सगळं बसतं. आणि सगळ्यांना वीज वाटून देतो तो एसएमपीएस, एक पत्र्याची पेटी. टायपिंग करायचं, हिशेब ठेवायचा, तर एवढं पुरतं. गेम खेळायचा म्हटलं की आणखी एक पाटी लागते, ग्राफिक्स कार्ड. चित्र पळतं ठेवायचं काम तिचं. ती नसेल तर गेममधली गाडी उचक्या देत चालते, किंवा गेम सुरूच होत नाही. आणि त्या काळी हे कार्ड एवढं महाग असायचं, की ते घ्यायचं म्हणजे दुसऱ्या दोन वस्तूंवर पाणी सोडायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक राइस मिलवाले शेठ आले. मी दोन एसएमपीएस पुढे ठेवले, एक साधा, एक बरा. शेठने वॅट विचारले नाहीत, कंपनी विचारली नाही. दोन हातांत दोन घेऊन तांदळाचं सॅम्पल तोलावं तसे तोलले आणि म्हणाले, "हा भारी लागते. हाच दे." मी मनातल्या मनात खूप हसलो. रात्री दोन्ही उघडून पाहिले तर शेठच खरे निघाले. हलक्या पेटीत तांबं कमी, लोखंड कमी, अर्धी जागा रिकामी. पुढे नागपूरच्या बाजारात मीही पार्ट हातात तोलूनच घेऊ लागलो. तिथले दुकानदार मला झाडीतला अडाणी समजायचे. समजू दिलं.

शालूबाई आली ती दिवाळीच्या आधी, लवकर येणारे हलके धान कापणीला आले होते तेव्हा. वैनगंगेच्या अंगाला एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथल्या अंगणवाडीत ती काम करायची. वय तिशीच्या आतबाहेर. दुकानात आली आणि पिशवीतून वहीचं एक पान काढून काउंटरवर ठेवलं. त्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत प्रोसेसर किती, रॅम किती, असं सगळं लिहिलेलं, आणि 'ग्राफिक्स कार्ड ३२ एमबी' याखाली तीन रेघा.

"हे कोणी लिहिलं बाई?"

"माह्या भावानं. प्रमोदनं. गेमच्या सीडीच्या डब्ब्यावर छापलं होतं, तितून उतरवलं. त्याले गाडीचा गेम खेळाचा हाय."

मी तेव्हा चाळिशीत होतो आणि गेमवाल्यांचा मला राग होता. घरी अभ्यासाला म्हणून सांगायचं आणि गोळ्या झाडत बसायचं. मी जरा खोचकच विचारलं, "काय करते भाऊ तुमचा?"

"ट्रॅक्टर चालवाचा," ती म्हणाली. "वावराच्या धुऱ्यावरून उलटला. तीन वर्सं झाले. कमरेखाली काईच समजत नाई त्याले."

पुढचं तिनेच सांगितलं. नागपूरच्या दवाखान्यात प्रमोद पाच महिने होता. वॉर्डाच्या कोपऱ्यात एका क्लार्कचा कम्प्युटर होता आणि तो जेवणाच्या सुट्टीत गाड्यांची शर्यत खेळायचा. प्रमोद खाटेवरून मान वळवून ती बघायचा. घरी आल्यावर त्याचं बोलणं हळूहळू बंद झालं. जेव म्हटलं तर जेवायचा, कूस बदल म्हटलं तर हात द्यायचा, बाकी आढ्याकडे नजर. त्या पावसाळ्यात एक दिवस त्याने आपण होऊन विचारलं, "शालू, तो गाडीवाला कम्प्युटर कितीचा येत असन?" तीन वर्षांत त्याने मागितलेली ती पहिली वस्तू.

"अठरा हजार हायेत," ती म्हणाली. "एकोणीस नाई होणार."

वहीच्या पानावरचा कम्प्युटर सव्वीसच्या खाली बसत नव्हता. मी काटछाट करू लागलो. सवयीप्रमाणे सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्डावर काट मारली. ते काढलं की प्रश्न सुटतो. शालूबाईने माझा हात थांबवला. म्हणजे हात धरला नाही, कागदावर बोट ठेवलं.

"भाऊ, ह्या सगळ्यात, त्याले गाडी चालवतानी रस्ता दिसन, ते कोणत्या वस्तूनं?"

"ह्याच कार्डानं."

"मंग ते राहू द्या. बाकीचं कमी करा."

इतकी वर्षं धंदा केला, पण पार्ट कसे निवडायचे हे एवढ्या कमी शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी ठरवायचं, या माणसाला नक्की काय हवं आहे. ते हलवायचं नाही. बाकी सगळं हलवायचं.

मग मीही हट्टाला पेटलो. प्रोसेसर एक पायरी खालचा. रॅम निम्मी, पण पुढे वाढवता येईल अशी. हार्ड डिस्क जुनी, एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधली. कॅबिनेट माझ्याच माळ्यावरचं, जाड पत्र्याचं, रंग उडालेलं. मॉनिटर सेकंडहँड, पण पडद्याची नळी ठणठणीत. यूपीएस नाही. एसएमपीएस मात्र वजनदार घेतला. स्पीकरला पैसे उरले नाहीत, तर शालूबाईच्या घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर मी एका छोट्या अॅम्प्लिफायरला जोडून दिला. रेडिओवाल्याचा मुलगा होतो, एवढं तर येणारच. माझी मजुरी मी लावली नाही, पण तिला तसं सांगितलंही नाही. माणसाला उगीच ओशाळवाणं होतं.

मशीन घेऊन मी स्वतः गेलो. मातीचं घर, शेणाने सारवलेली जमीन, भिंतीला टेकून एक टेबल. प्रमोद गावच्या सुताराने बनवलेल्या लाकडी खुर्चीत बसला होता, खुर्चीला सायकलची चाकं. पंचविशीचा, खांदे रुंद, पाय मात्र काठीसारखे. पाय उघडे, तळवे जमिनीवर नुसते ठेवल्यासारखे पडलेले. माझ्याशी बोलला नाही, खोका उघडताना माझ्या हातांकडे बघत राहिला.

जोडणी झाली, गेम चालू केला. मी सांगितलं, वरचा बाण म्हणजे अॅक्सिलेटर, खालचा म्हणजे ब्रेक, आजूबाजूचे दोन म्हणजे स्टेअरिंग. त्याने बाणांवर बोटं ठेवली आणि ठेवूनच राहिला.

"पाय नाई लागत याले," तो म्हणाला. मला की स्वतःला, ते कळलं नाही.

शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या सुसाट निघून गेल्या. प्रमोदची गाडी हळूच निघाली, रस्त्याच्या डाव्या अंगाने. वळण आलं की आधीच ब्रेक. मागून गाडी आली की बाजू देणार. मला राहवेना. "दाबा ना प्रमोदभाऊ! शर्यत हाय."

"जाऊ द्या त्याईले," तो म्हणाला. "रस्ता पाहू द्या जरा."

गेममध्ये एक डोंगर होता, खाली समुद्र. त्याने गाडी कडेला घेतली आणि उभी केली. शर्यत संपली, पडद्यावर हरल्याचं आलं, टेपरेकॉर्डरच्या स्पीकरमधून इंजिन नुसतं घुरघुरत होतं. शालूबाई दारात उभी होती. ती रडत होती आणि पदराने तोंड झाकत नव्हती.

आता चूक सांगतो. ती त्याच दिवशी झाली, आणि ती मी अभिमानाने केली.

विजेला घरात यायला एक तार लागते आणि परत जायला एक. दोन्ही तारा खांबावरून यायला हव्यात. पण आमच्या भागात परतीची तार खांबावर कुठे ना कुठे ढिली किंवा तुटलेली असायची, आणि ती जोडायला माणूस महिना-महिना फिरकत नसे. मग लोकांनी आपला उपाय काढला. घरामागे एक लोखंडी सळई जमिनीत ठोकायची आणि परतीची तार तिला बांधायची. वीज जमिनीतून परत जाते, दिवा लागतो. उन्हाळ्यात जमीन सुकली की दिवा लाल पडतो, मग सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं, दिवा पुन्हा पांढरा. झाडीतल्या कोणत्याही बाईला हे ठाऊक होतं. यालाच सगळे 'अर्थिंग' म्हणायचे.

कम्प्युटरच्या पिनेला तीन काड्या असतात. तिसरी संरक्षणासाठी. डब्यात कुठे बिघाड झाला तर वीज तिच्यावाटे मुकाट्याने जमिनीत जावी आणि माणसाला लागू नये, एवढंच तिचं काम. गावोगाव दोन भोकांचे बोर्ड, म्हणून आमच्या धंद्यातले निम्मे लोक ती तिसरी काडी पकडीने कापूनच टाकत. मी कधी कापली नाही. याचा मला फार गर्व होता. त्या दिवशीही मी तीन भोकांचा नवा बोर्ड बसवला आणि शालूबाईला विचारलं, "घराले अर्थिंग हाय का?" ती म्हणाली, "हाय ना जी, मांगं." मी मागे जाऊन पाहिलं. सळई होती, तार होती, जमीन ओली होती. तिसरी काडी मी त्या तारेला जोडून दिली.

त्या घराचे दिवे कशावर चालतात हे मी तपासलं नाही. दहा मिनिटांचं काम होतं. साडेचारची बस शेवटची होती आणि मला ती पकडायची होती.

हिवाळा गेला. शालूबाई बाजाराला आली की दुकानात डोकवायची. प्रमोद आता सकाळी आपण होऊन चहा मागतो, गावातले दोघे-तिघे त्याच्याकडे गेम बघायला येतात आणि तो त्यांना गिअर कधी बदलायचा ते शिकवतो, असं सांगायची. मी वर वर हूं हूं करायचो, आतून फुगायचो.

मे महिन्यात तिचा गावच्या पीसीओवरून फोन आला. दुकानात लग्नसराईची गर्दी होती, एक वरबाप टीव्हीसाठी घासाघीस करत होता. "भाऊ, कम्प्युटरच्या डब्ब्याले हात लागला का झिनझिन करते. प्रमोदले सीडी टाकतानी चांगलाच झटका बसला."

आणि मी म्हणालो, "त्यात काई नाई बाई. चप्पल घालून बसा म्हणा."

हे वाक्य आमच्या धंद्यात रोज दहादा म्हटलं जायचं. टीव्ही करंट मारतो, चप्पल घालून बसा. कूलर मारतो, चप्पल घालून बसा. ते तोंडातून आपोआप निघायचं. ती म्हणाली, "बरं भाऊ," आणि फोन ठेवला. मी पुन्हा वरबापाकडे वळलो.

दहा-बारा दिवसांनी जुम्मा होता. दुपारच्या नमाजाला मशिदीत गेलो. पायरीशी नेहमीसारखी चप्पल काढायला वाकलो. एक पाय काढला आणि तसाच थांबलो. चप्पल घालून बसा, हे मी कोणाला सांगितलं? डोळ्यांपुढे ते जमिनीवर पडलेले तळवे आले. अंगावर गरम पाणी ओतावं तसं झालं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट आली. त्या घरात तिसरी काडी मी स्वतः जोडली होती. मग डब्याला वीज लागतेच कशी? मे महिना. सळई सुकलेली. त्या घराचे दिवे, पंखा, सगळं त्याच सळईवर परत जात असेल, तर सुकलेल्या जमिनीत ती वीज शिरणार नाही. ती तारेतच तुंबणार. आणि त्या तारेला मी कम्प्युटरचा अख्खा पत्रा बांधून ठेवला होता. मी काडी कापली असती तर तो डबा त्यांना कमी धोक्याचा झाला असता.

त्या दिवशी माझा जुम्मा सुटला. काढलेली चप्पल पायात घातली, दुकानातून मीटर आणि पकड घेतली आणि स्कूटर काढली. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. वाटेत मी काय काय कबूल केलं आणि कोणाकडे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोचलो तेव्हा घरातून इंजिनाचा आवाज येत होता. त्या आवाजाने माझ्या जिवात जीव आला. आत गेलो. प्रमोद खुर्चीत, बोटं बाणांवर, शेजारी टेबलफॅन गरगरत होता. आणि त्याच्या पायांत चप्पल होती. रबरी, कोरी करकरीत, निळ्या पट्ट्यांची. पाय काठीसारखे, त्यात चप्पल टिकत नव्हती, म्हणून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी ती घोट्याशी बांधली होती. समोरच्या भिंतीवर पूर्वी देवाची फळी होती. ती आता तिथे नव्हती, दुसऱ्या खोलीच्या दाराआडून दिसत होती. देवासमोर घरात चप्पल चालत नाही, म्हणून तिने देव हलवले होते.

मीटरची एक सुई डब्याच्या पत्र्याला आणि दुसरी जमिनीत एक खिळा ठोकून त्याला लावली. काटा एकशे तीस व्होल्टच्या पुढे गेला.

"शालूबाई कुठी हायेत?"

"मांगं. पाणी टाकून राह्यली सळईवर. दिवा लाल पडला ना."

मी मागच्या दाराकडे धावलो. ती अनवाणी, चिखलात, हातात लोखंडी बादली. एक हात सळईकडे चाललेला, तार नीट बांधली आहे का ते बघायला.

"थांबा!" मी एवढ्या जोराने ओरडलो की शेजारची माणसं बाहेर आली. "हात लावू नका! हटा तिथून!"

ती दचकून मागे सरली, बादली उलटली. मी आत येऊन मेन स्विच ओढला. पंखा फिरत फिरत थांबला, इंजिनाचा आवाज बंद झाला.

ती आत आली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. मी विचारलं, "तुमाले करंट लागत होता का बाई?"

"लागे ना. पुसतानी रोजच लागे," ती म्हणाली. "सळईपाशी गेलं का पायालेबी लागे."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी चप्पल त्याच्यासाठी सांगतली होती ना भाऊ. त्याले घेऊन देल्ली."

तिच्या पायांकडे मी पाहिलं. चिखलाने भरलेले होते. तिची स्वतःची चप्पल दाराबाहेर होती, एक पट्टा तारेने बांधलेली, आणि ती घरात घालायची नाही, अंगणात घालायची नाही, फक्त अंगणवाडीत जाताना घालायची.

मी सगळं सांगितलं. माझीच चूक होती, बोर्ड मी जोडला, तपासलं नाही, बस पकडायची होती, हे सगळं. मग प्रमोदकडे वळून हात जोडले. म्हटलं, "प्रमोदभाऊ, मी तुमाले चप्पल घाला म्हनलं. तुमाले! माही जीभ झडून काऊन नाई पडली?"

तो पडद्याकडे बघत होता. पडदा काळा होता. तिकडेच बघत म्हणाला, "काऊन जी? मले तं बरं वाटलं. तीन वर्सं झाले. हे उचल, ते पुस, कूस बदल. चप्पल घाल, असं मले कोणी म्हनलंच नव्हतं."

मग म्हणाला, "मशीन घेऊन जानार का?"

"नाई," मी म्हणालो. "उद्या चालू करून देतो."

लाइनमनचा टीव्ही तेव्हा माझ्याकडे दुरुस्तीला पडला होता. संध्याकाळी त्याला सांगितलं, त्या गल्लीतली खांबावरची परतीची तार जोडल्याशिवाय टीव्ही मिळणार नाही. महिना-महिना न होणारं काम दुसऱ्या दिवशी अकरा वाजता झालं. एका घराचं नाही, सगळ्या गल्लीचं. मी विहिरीच्या बाजूला खोल खड्डा करून मीठ-कोळसा घालून वेगळं अर्थिंग दिलं, फक्त तिसऱ्या काडीसाठी. डब्यावर मीटर लावला, काटा हलला नाही. तरी मी चप्पल काढून, ओल्या जमिनीवर उभं राहून, पत्र्यावर उघडा हात ठेवला आणि मगच प्रमोदला म्हटलं, चालवा.

त्यानंतर दुकानात 'चप्पल घालून बसा' मी कोणाला म्हटलं नाही. करंट लागतो म्हणून फोन आला की हातातलं काम टाकून जायचो. त्यात धंद्याचं बरंच नुकसान झालं, आणि घरच्यांनी त्यावरून मला पुष्कळ ऐकवलं. बसायच्या जागी जाऊन तार मुळापासून पाहिल्याशिवाय मी एकही मशीन जोडलं नाही. पण आधी जोडलेली होती, त्यांचं काय? जेवढी आठवली तेवढी घरं फिरून आलो. सगळी आठवली असतील असं मला वाटत नाही, आणि हे मला अजून खातं.

प्रमोदला रॅम वाढवून दिली, पुढे कार्डही बदललं. गेम नवे आले, पण तो त्याच जुन्या डोंगराच्या रस्त्यावर गाडी चालवायचा. शर्यत मात्र तो कधी जिंकला नाही. सहा-सात वर्षं गेली. मूत्रपिंडाचं दुखणं वाढलं, अशा माणसांचं ते होतंच म्हणतात, आणि एका पावसाळ्यात तो गेला. मला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला.

मी गेलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता, चिखलाने माखलेल्या, झिजलेल्या. त्या सगळ्यांच्या मधे एक निळ्या पट्ट्यांची जोडी नीट लावून ठेवलेली होती. पट्ट्यांचा रंग विटला होता, चिंध्या सोडलेल्या होत्या. एक चप्पल मी उचलून पालथी केली. तळ कोरा होता.

शालूबाई दारात आली. म्हणाली, "सगळ्यायच्या चपला होत्या भाऊ, म्हून त्याचीबी ठेवली."

मी ती होती तशी ठेवली, तिच्या बाजूला माझी काढली आणि आत गेलो.